आईच्या दोन गोळ्या

माघातला रविवार. हजर: आई, मी आणि मोठा भाऊ. भाऊ सटाण्याहून फोनवर होता, पण बोलण्यात सर्वांत पुढे, म्हणून हजर धरला.

कांद्याची लागवड उरकून आई नाशिक रोडला माझ्याकडे आली, ती जिन्यात थांबत थांबतच. मांड्या, पोटऱ्या दुखत होत्या. भावाचं निदान तयार होतं.

"वय झालं तिचं. तेल चोळ."

"तुझ्या तोंडाला चोळ," आई फोनकडे वाकून म्हणाली. मग मला, "नकोत माले त्या गोळ्या. दोन्ही बंद करस मी."

मी धसकले. वडिलांनी प्रेशरची गोळी अशीच मनाने सोडली होती. नंतर झटका येऊन त्यांचा उजवा हात कायमचा गेला.

आईची प्रेशरची गोळी सटाण्याच्या डॉक्टरांची. कोलेस्टेरॉलची दिवाळीनंतर इथल्या डॉक्टरांनी सुरू केली. तेव्हा मी खाली गाडी लावत होते. आधीचं काही औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलं आणि आईने "नाही" म्हणून सांगितलं. खोटं नव्हे. प्रेशरची गोळी आमच्या घरात औषधात धरतच नाहीत. ती चहाबरोबरची.

आईजवळची प्रेशरची स्ट्रिप अर्धी कापलेली, नाव गायब. भावाला दुकानात पिटाळून अख्ख्या स्ट्रिपचा फोटो मागवला आणि सोमवारी सगळं इथल्या डॉक्टरांपुढे ठेवलं.

"दोन्ही औषधं लागणारच," ते म्हणाले. "पण या प्रेशरच्या गोळीबरोबर कोलेस्टेरॉलची ही गोळी एवढ्या डोसची चालत नाही. अंगात साठते, स्नायू दुखतात."

रक्त तपासायला दिलं. प्रेशरची गोळी तीच ठेवली, कोलेस्टेरॉलची बदलली. दुखणं वाढलं किंवा लघवी गडद झाली तर लगेच या, म्हणाले.

"म्हणजे माझंच खरं होतं," आई म्हणाली.

"अर्धं, आजी," डॉक्टर म्हणाले.

रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. हळूहळू पाय मोकळे झाले. आता ती जिना न थांबता चढते आणि वर पोहोचून मलाच "दमलीस का?" विचारते. शुक्रवारी सटाण्याला परत जाईल. दोन्ही गोळ्यांची नावं एकाच चिठ्ठीवर लिहून तिच्या पिशवीत ठेवली, फोटो भावाला पाठवला.

जुन्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची एक कोरी स्ट्रिप मात्र सटाण्याला देवघराच्या खणात आहे. "महागाची आहे, असू दे," आई म्हणते. भाऊ रोज "काढतो" म्हणतो. आज सकाळपर्यंत काढलेली नाही.