ग्लेनिसची गुरुवारची पिशवी

ग्लेनिस टकी सतरा वर्षं क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात शाळेसमोर उभी राहून मुलांना रस्ता ओलांडून देत असे. गुडघा दुखायला लागला तशी ती दर गुरुवारी बसने चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात जाऊ लागली. येताना शेजारच्या रसेलसाठी इंजेक्शनच्या स्वच्छ सुया आणायची. रसेलला नशेचं व्यसन होतं, आणि त्या सुया फुकट मिळत त्या दवाखान्याच्या खिडकीपाशी उभं राहायची त्याला लाज वाटे. हळूहळू आणखी सहा-सात जण तिच्याकडे येऊ लागले.

तेव्हाचा कायदा जुनाट होता. सुई स्वतःसाठी आणली तर चालायची, दुसऱ्याच्या हातात दिली की गुन्हा. एकदा पोलिसांनी तिची पिशवी तपासली आणि खटला भरला.

न्यायाधीश भला माणूस होता. म्हणाला, "बाई, पुन्हा असं करणार नाही एवढं कबूल करा आणि घरी जा."

"येत्या गुरुवारी जाणार आहे मी, साहेब. खोटं कशाला बोलू?"

दंडावर भागलं, पण नावावर गुन्हा लागला आणि शाळेची नोकरी गेली. रसेल तोंड पाडून दारात आला. "माझ्यापायी झालं हे."

"काही नाही तुझ्यापायी. आत ये, चहा टाकलाय."

गुरुवार चुकला नाही. शिवाय हा कायदा बदला म्हणून दर महिन्याला ती आमदाराला पत्र लिहायची.

अकरा वर्षांनी कायद्याचा फेरविचार करणारी समिती गावात आली. सभागृहात समितीतल्या एकानं विचारलं, "कायदा मोडतोय हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. माझ्याकडून सुई नेणाऱ्यांतल्या एकालाही वापरलेल्या सुईतून पसरणारी कावीळ झाली नाही. तुमच्या कायद्यानं किती जणांना वाचवलं?"

तेवढ्यात मागच्या रांगेत रसेल उठला. "त्या सुया माझ्यासाठी होत्या. मी रसेल पिगॉट." शेजारी त्याची आई बसली होती. तिला सगळं माहीत होतं, पण तिच्यासमोर तो हे कधी बोलला नव्हता. तिनं त्याची बाही धरली, ती सभा संपेपर्यंत सोडली नाही.

पुढच्या वर्षी ते कलम रद्द झालं. ग्लेनिसच्या नावावरचा गुन्हाही पुसला गेला. आरोग्य खात्याच्या मुलीनं फोन करून विचारलं, आता सुयांची सरकारी खोकी तुमच्या घरी ठेवाल का?

"घरपोच येणार असतील तर ठेवीन. बसचे ते बाक माझ्या गुडघ्याला झेपत नाहीत."

पहिलं खोकं सोमवारी आलं. खोकी ठेवायला व्हरांड्यात फळी ठोकायला रसेल आला. फळी तिरकी बसली, म्हणून दोघं बराच वेळ भांडत राहिले.