होडीतल्या डॉक्टरीणबाई

औंढ्याच्या बैठकीहून परत येताना मी माझ्या गावाचा थांबा चुकवला आणि थेट शिरड शहापूरला उतरले. कारण एक पुस्तक. मी गावची आशा कार्यकर्ती. दहावी करून सासरी आले, त्यानंतर रजिस्टर सोडून दुसरं काही वाचलं नव्हतं. त्या दिवशी बैठक उठताना आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमनी पिशवीतून एक जाड पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "ताई, हे वाचा. तुमच्याच कामाचं आहे." मला वाटलं, लसीकरणाच्या नव्या सूचना असतील.

बसमध्ये सहज उघडलं. एक डॉक्टरीणबाई आपला देश सोडून कुठंतरी लांब, एका भल्यामोठ्या नदीच्या मुखाशी जाऊन राहिलेल्या. तिथं रस्ते नाहीत, नुसती बेटं. बाई लसीचा डबा घेऊन होडीतून बेटाबेटावर जातात आणि आया लेकरं घेऊन लपतात. एका म्हातारीनं तर त्यांच्या अंगावर मासे धुतलेलं पाणी फेकलं. मला हसूच आलं, कारण माझ्याही अंगावर एकदा भांड्यांचं खरकटं पाणी आलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं माय?" मी तिला सांगायला बसले आणि गाव कधी मागं पडलं ते कळलंच नाही. जीपनं परत आले. जीपमध्येही वाचतच होते.

चार दिवसांत पुस्तक संपवलं. भाकरी करपल्या. नवरा म्हणाला, "परीक्षा हाय का काय तुझी?" मी त्याला होडीची सगळी हकिकत सांगितली. तो जेवता जेवता ऐकत होता. म्हणाला, "म्हंजी तिकडं बी तुमचंच गाऱ्हाणं हाय."

मला त्याचंच तर अप्रूप वाटत होतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला एवढी शिकलेली बाई दारोदार जाते, बोलणी खाते, पुन्हा जाते. तेच मी इथं सोयाबीनच्या चिखलातून करून राहिले, आणि याला काही मोल आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. अंगात वारं शिरल्यासारखं झालं.

एक पान मात्र टोचत होतं. आया येत नाहीत म्हणून बाई चिडल्या होत्या. मग त्या एका आईच्याच घरी दोन दिवस राहिल्या, तेव्हा कळलं की होडी यायची तीच वेळ मासळीबाजाराची. लपणाऱ्या थोड्याच होत्या, बाकीच्या घरीच नसायच्या. बाईंनी होडीची वेळ बदलली.

मला आमच्या भावकीतली एक धाकटी जाऊ आठवली. तिला क्षयरोग झालेला, आणि तिनं गोळ्या मधेच सोडलेल्या. मी दोनदा तिच्या दारात जाऊन रागावले होते. ती मान खाली घालायची. तिसऱ्यांदा मी गेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासोबत कापूस वेचायला निघाले. ती बघतच राहिली. "बाई, तुमी कशाला?"

"काई न्हाई. तुझ्यासंगं येते."

बऱ्याच ओळी वेचून झाल्यावर ती आपणहून बोलली. "घरून उपाशी निघावं लागतं. गोळ्या खाल्ल्या की पोट ढवळतं. वाकलं की उलटी येती. बाया इचारत्यात, काय झालं हिला. मी रोगाचं कुणालाच सांगितलं न्हाई."

"मग मला काहून सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कवा? तुमी तर रागं भरत होत्या."

 दुपारी मॅडमना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तिला केंद्रात घेऊन गेले. मॅडमनी पुन्हा तपासण्या केल्या, उपचार नव्यानं सुरू केले, मळमळीवर औषध दिलं आणि गोळ्या संध्याकाळी कामावरून आल्यावर, थोडं खाऊन घ्यायला सांगितल्या.

मी रोज दिवेलागणीला तिच्याकडे जाऊ लागले. तिला वाचता येत नाही. पहिल्याच आठवड्यात मी तिला होडीची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, सांगू नका, वाचून दाखवा. मग गोळ्या झाल्या की दोन पानं, असं ठरून गेलं. एकदा मला ताप आला म्हणून गेले नाही, तर तीच माझ्या दारात. "गोळ्या खाल्ल्या म्या. पुस्तक काढा."

तिचा कोर्स पुरा झाला. शेवटची तपासणी चांगली आली, तेव्हा मॅडमनी रिपोर्ट आधी तिच्या हातात दिला, मग माझ्या. ती तो उलटासुलटा करून पाहत राहिली.

बैठकीत मी तिचं नाव न घेता हे सगळं सांगितलं. त्या दिवसापासून ते पुस्तक आशांमध्येच फिरतंय. कव्हर दोनदा बदललं. मॅडमनी आणखी दोन पुस्तकं आणली. सध्या आम्ही एका बर्फाळ डोंगरातल्या डॉक्टरांचं वाचतोय. ते घोड्यावरून औषधं नेतात. काल बैठकीआधी त्यावरून चांगलीच जुंपली. एक म्हणे, त्यांनी एवढ्या बर्फात जायलाच नको होतं. दुसरी म्हणे, मग डोंगरावर अडलेल्या त्या बाळंतिणीनं काय करायचं? मॅडम आल्या तरी कुणी गप्प बसेना. शेवटी त्यांनीच खुर्ची ओढली आणि विचारलं, "कुठपर्यंत आलात?"