बोलणारा काटा

अबोली बाजारातून भाजी आणते आणि घरी येऊन पुन्हा तोलते. कुलूप लावलं की ओढून बघते, जिना उतरून परत वर येते आणि आणखी एकदा ओढते. तिचा नवरा सांगतो की, लग्नाआधी हिने माझी इतकी चौकशी केली की शेवटी मलाच माझ्याबद्दल शंका यायला लागली. बारामतीत घरी बसून ती सॉफ्टवेअरची कामं करते, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या कोडवर तिचा काडीचा विश्वास नसतो.

पिंपळी गावचं काम तिला सिंधुबाईने आणलं. सिंधुबाई म्हणजे तिची सख्खी मावशी. आई नोकरीला असल्यामुळे अबोलीच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मावशीच्या घरी गेल्या. गावातल्या पेरूवाल्यांनी गट केला, मावशीला अध्यक्ष केलं आणि इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. मावशी म्हणाली, घरची पोरगी असताना परक्याला कशाला सांगायचं.

पेरू क्रेटसकट काट्यावर येतात. क्रेटचं वजन वजा करायचं, उरलेलं पडद्यावर दाखवायचं आणि तेच यंत्राने मोठ्याने बोलायचं, एवढंच काम होतं. बोलण्याचा आग्रह शेतकऱ्यांचा. बाजारात वजन पुकारलं जातं, चार लोकांच्या कानावर पडतं, तेव्हा ते खरं. पडद्याकडे बघायची त्यांना सवय नव्हती.

काट्याबरोबर कंपनीचा तयार कोड आला होता. एरवी अबोली असा तयार क्लास, म्हणजे कोडचा साचा, घेते आणि त्याच्यापासून आपलं एक अपत्य काढते. अपत्याला आईबापाचं सगळं आयतं मिळतं, आपण हवी तेवढी एक सवय बदलायची. पण कंपनीने हा क्लास फायनल करून ठेवला होता, म्हणजे त्याचा वंश पुढे वाढवायला बंदी. अबोलीच्या मनात लगेच पाल चुकचुकली. असं काय झाकून ठेवलंय यांनी? तिने कंपनीला फोन लावला. वजनाशी कुणी खेळ करू नये म्हणून, असं उत्तर मिळालं. तिला ते अजिबात पटलं नाही.

मग तिने आडवाट धरली. स्वतःचा नवा क्लास लिहिला आणि कंपनीचा क्लास जसाच्या तसा त्याच्या पोटात ठेवला. कुणी वजन विचारलं की हा बाहेरचा आतल्याला विचारणार, क्रेट वजा करणार आणि मग सांगणार. ‘बोल’ म्हटलं की मात्र तो निरोप आतल्याकडे तसाच पोचवणार. घरी पडद्यावर सगळं चोख आलं. स्पीकर पिंपळीत होता, त्यामुळे आवाज तिने तपासलाच नाही. तरी गटापुढे छातीठोकपणे सांगून आली की, यंत्र दाखवेल तेही आणि बोलेल तेही क्रेट वगळूनच.

काटा सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि सावळाराम आबांनी चष्मा लावून पडद्यात डोकावलं. आबा गटातले जुने बागायतदार. यंत्र बावीस किलो बोललं होतं आणि पडद्यावर वीस होते. हिशेब पडद्याप्रमाणे चालायचा.

“ऐकू येतंय एक आन धरलं जातंय दुसरं,” आबा म्हणाले. “मधले पेरू कोण खातंय?”

काटामारीची कुजबुज गावभर झाली. क्रेट मोठा की लहान, ते बटण सिंधुबाईच दाबायची, तेव्हा बोट तिच्याकडेच वळलं. रविवारी सभा बोलावली, तिला अध्यक्षपदावरून उतरवायला. इतकी वर्षं ताठ मानेने वावरलेली बाई, आता दळण घेऊन जातानाही कडेकडेने जायला लागली.

अबोलीने आधी कंपनीवर संशय घेतला, मग आबांवर. पण फरक कधी दोन किलो यायचा, कधी सव्वा. यंत्र चुकलं तर एकसारखं चुकेल, असा तिने हिशेब मांडला. कमीजास्त होतंय, म्हणजे माणसाचा हात आहे. बटणावर हात एकट्या मावशीचाच होता, आणि तो विचार तिने झटकला नाही. मावशीच्या सुनेला, प्राचीला, तिने हळूच फोन केला. सासूबाई काट्यापाशी काही वेगळं करतात का, जरा लक्ष ठेव, असं सांगितलं. सभेच्या आदल्या दिवशी ती स्वतःही पिंपळीला गेली आणि खांबाआड उभी राहून डोळ्यांत तेल घालून मावशीचे हात बघत राहिली.

पेरूची शेवटची गाडी गेली. मावशीने नेहमीप्रमाणे एक मोठा रिकामा क्रेट काट्यावर पालथा ठेवला. कुत्री बसतात म्हणून ती रोज तसा ठेवायची. क्रेट ठेवून ती चार पावलं लांब गेली आणि पदराने तोंड पुसू लागली.

“दोन किलो,” यंत्र बोललं. पडद्यावर शून्य होतं.

अबोलीने लॅपटॉप उघडून कोड वाचला. आतल्या क्लासला ‘बोल’ म्हटलं की तो स्वतःलाच वजन विचारत होता. आपल्याला कुणी पोटात घातलंय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो क्रेटसकट बोलायचा आणि तिचा क्लास क्रेट सोडून दाखवायचा. मोठ्या क्रेटला दोनचा फरक, लहान क्रेटला सव्वाचा. वजन पहिल्यापासून बरोबर होतं, चुकीचा होता तो आवाज. सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त स्वतःच्या कोडवर घ्यायचा राहिला होता.

तिने तिथंच बसून बोलण्याचं काम आतल्याकडून काढून बाहेरच्याकडे दिलं. रविवारी सभेपुढे रिकामा क्रेट ठेवला, यंत्र “शून्य किलो” बोललं, आणि चूक माझी होती, असं तिने सगळ्यांना सांगितलं. सावळाराम आबांनी सिंधुबाईपुढे हात जोडले. मावशीने ते पटकन खाली घेतले.

सभा उठल्यावर मावशी तिच्याजवळ आली. प्राचीने तिला फोनचं सांगितलं होतं.

“आबांचं काय मनावर घ्यायचं? त्ये परकं,” मावशी म्हणाली. “तू सुनंला माज्यावर नजर ठिवायला सांगितलीस. मला इचारलं का न्हाईस?”

चहा न घेताच अबोली निघाली.

अजूनही कामासाठी ती पिंपळीला जाते. मावशी तिला जेवायला वाढते, जाताना पेरू बांधून देते, सगळं पूर्वीसारखं. फक्त अबोली काट्यापाशी आली की मावशी बटण प्राचीला दाबायला सांगते, आणि हाताची घडी घालून लांब जाऊन उभी राहते.