वहिनीच्या दारातला सांग ह्यांग विधि

पुण्यात मी करणी-भानामतीविरुद्ध चौकाचौकात पत्रकं वाटली होती. तेच सगळं शारजात, अल मजाजच्या टॉवरमध्ये, माझ्या इंजिनिअर दादाच्या घरात पुन्हा सांगावं लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दादाकडे बालीची बाई नुकतीच कामाला लागली होती. बाळ आदल्या संध्याकाळपासून तापानं फणफणलेलं. सकाळी वहिनीनं दार उघडलं आणि किंचाळलीच. उंबऱ्याशी केळीच्या पानाचा इवलासा द्रोण, त्यात भात, फुलं, वर जळती उदबत्ती, आणि समोर हात जोडलेली ती बाई.

"उतारा टाकलाय हिनं! काहीतरी पुटपुटत होती, ह्यांग ह्यांग करून. अहो, एजन्सीला फोन लावा. व्हिसा कॅन्सल. खलास!"

"वहिनी, तिला विचार तरी."

"तुझी पत्रकं पुण्यात ठेव गं."

दादा खरंच फोनकडे वळला. मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीत पोलादी सांगाडे उभे करणारा माणूस मूठभर भाताला टरकतो? आणि या देशात जादूटोण्याचा आळ म्हणजे थेट पोलीस! ती बिचारी भिंतीला चिकटून उभी होती.

मी धावत शेजारच्यांकडची बाई आणली. तीही इंडोनेशियाचीच, पण पश्चिम जावातली, सुंदानी, मुसलमान. हिंदी बोलायची. द्रोण बघून ती हसलीच.

"दीदी, ये पूजा है. बच्चे के लिए भगवान को बोला इसने. बाली के हिंदू हैं ये, इनका भगवान सांग ह्यांग विधि. हम सुंदा लोग गुस्ती बोलते हैं. जावा में भी गुस्ती, पंगेरान भी. और ह्यांग तो मेरा भी है. मैं नमाज़ को सेंबाह्यांग ही बोलती हूँ."

"म्हणजे ही हिंदू?" वहिनीचा चेहरा एकदम खुलला. "अगंबाई! आपलीच निघाली की!"

दादानं फोन खाली ठेवला. नोकरी वाचली. मी हुश्श करणार, तोच वहिनीनं देवघरातून करंडा आणून त्या बाईला कुंकू लावलं आणि सुंदानी बाईकडे वळून म्हणाली, "तुम बाहर रुको हां. अंदर भगवान है."

माझा कानांवर विश्वास बसेना. "वहिनी, आणि तुझ्या बाईनं दारात ह्यांगऐवजी गुस्तीचं नाव घेतलं असतं तर?"

"तर काय, एव्हाना एअरपोर्टवर असती."

सुंदानी बाई चपला घालून पॅसेजमध्ये गेली. बालीच्या बाईनं एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि कपाळावरच्या त्या ओल्या कुंकवासकट तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.