करंगळीचा कोन

टेबलावर एकोणीस हात आहेत. अकरा उजवे, आठ डावे. त्यांतले चौदा मालिकेतल्या मारामारीसाठी, उरलेले पाच एकाच माणसाचे. ते पाचही चुकलेत. शलाका पुन्हा मोजायला लागते आणि बाराव्या हातापाशी तिचे डोळे जड होतात. दुपारचे अडीच वाजलेत. कोल्हापूरच्या या वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी नाही, आणि साच्यातलं सिलिकोन घट्ट व्हायला अजून चाळीस मिनिटं आहेत.

ते पाच हात आप्पांचे, तिच्या वडिलांचे. आप्पांना जाऊन अकरा महिने झाले. त्यांनी देहदान केलं होतं, त्यामुळे घरी अस्थीसुद्धा आल्या नाहीत. आईनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, सिनेमावाल्यांना इतके हात करून देतेस, तर तुझ्या आप्पांचा एक मला दे, धरून बसेन थोडा वेळ.

खरं तर प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून या कामात शिरल्यावर शलाकानं पहिला ठसा घेतला तो आप्पांच्याच उजव्या हाताचा. त्या हाताची करंगळी तरुणपणी कबड्डीत मोडलेली, मधल्या सांध्यापासून बाहेर वळलेली. पुस्तकातल्या आकृतीत करंगळी सरळ होती. नमुना पुस्तकासारखा असावा म्हणून तिनं ती सरळ करून घेतली आणि मूळ ठसा टाकून दिला. त्या नमुन्यावरून केलेला हात आईनं मांडीवर घेतला, अंगठ्यानं एकेक बोट चाचपत ती करंगळीपाशी आली आणि तिनं हात परत दिला. "हा त्यांचा नव्हे," एवढंच म्हणाली. पुढचे चार शलाकानं अंदाजानं वाकवले. एकाही फोटोत ती करंगळी नीट दिसत नाही.

आप्पा समोरच्या स्टुलावर बसलेत. कधी आले ते तिला कळत नाही, विचारावंसंही वाटत नाही.

"सरळ केलीस म्हणे माझी करंगळी," ते म्हणतात. "गावातल्या तीन हाडवैद्यांनी हात टेकले होते."

"आप्पा, हात ठेवा ना टेबलावर. एक मिनिट फक्त."

ते निमूट हात ठेवतात. ती कोनमापक लावते, तर त्यावरचे आकडे ओले आहेत, बोट लागताच पुसले जातात. ती नवे लिहिते. तेही पुसले जातात. पायाखाली आता माती आहे, चुन्याची रेघ आहे, आणि आप्पा चड्डी-बनियनवर, विशीतले, दम धरून चढाईला निघालेत. त्या एका दमात त्यांना काही बोलता येत नाही. ती रेघेबाहेरून ओरडते, की थांबा, मोडायच्या आधी नको, मोडल्यावर थांबा. आणि आपण काय बोललो ते तिला ऐकू येतं.

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला स्टीलची टेबलं आहेत. फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात. आप्पा पाठीवर पडलेत, गळ्यापर्यंत चादर.

"करमतं का इथं?" ती विचारते.

"न करमायला काय झालं. चार पोरं शिकतात माझ्यावर. एक जण करंगळीपाशी अडून बसला परवा. म्हणाला, पुस्तकात असं नाही."

"मग काय केलं त्यानं?"

"काय करणार? मोजून लिहून घेतलं."

"किती लिहिलं? आप्पा, किती लिहिलं त्यानं?"

"मला कसं दिसणार बाळ? माझं तोंड छताकडं."

ती चादर उचलते. खाली दुसरी चादर आहे. तिच्याखाली आणखी एक, इस्त्रीची, घरच्या कपाटातली. ती भराभर उचलत राहते, आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, की झाला का गं हात. चादरींचा ढीग कमरेपर्यंत येतो.

"राहू दे की आता," आप्पा म्हणतात.

"आईला काय सांगू?"

मग चादरींतून त्यांचा हात निघतो आणि तिचं डावं मनगट गच्च धरतो.

जागी होते तेव्हा तीन वाजून चार मिनिटं झालीत. डाव्या मनगटावर चार लाल वळ आहेत. तीन समांतर, चौथा अर्ध्यातून बाहेर वळलेला. ती दिवा जवळ ओढते, कोनमापक पुसून लावते. प्रयोगात तीन मापं घेण्याची तिची शिस्त आहे. पहिलं माप चोवीस अंश. दुसरं एकवीस. तिसऱ्या मापाला वळ उरलेला नाही.