दहा मार्कांची नापास वायर

सगळ्यात आधी कबूल करते: नापास झाली म्हणून मी एक वायर उपटली.

तेव्हा मी नुसती बासष्ट वर्षांची कोवळी पोर होते. अक्कल यायची होती. आता सत्तरीला टेकले. अजून येऊनच राहिली.

सेनगावच्या अलीकडे आमचं गाव. घराच्या पुढच्या खोलीत सून ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. तिथं भिंतीवर एक डबी. सून तिला स्विच म्हणायची, अन् मी आपली दिव्याचं बटण शोधत बसायची. डबीत इंटरनेटच्या दोन वायरी: एक सेनगावहून जमिनीखालून आलेली, दुसरी गच्चीवरच्या तबकडीची. सुनेनं चिकटपट्टीवर आकडे लिहिलेले. पहिलीवर दहा, दुसरीवर दोनशे.

मी चौथी पास. दहा मार्क म्हणजे नापास, एवढं मला बराबर कळतं. त्यात ह्या दहावालीचा दिवा दिवसभर लुकलुक करणार. दोनशेवाली हुशार पोरीसारखी गप. म्हटलं, नापास होऊन वर हा नखरा! दिली उपटून.

थोड्या वेळानं तांड्यावरची एक पोरगी नर्सिंगचा फॉर्म भरायला आली. शेवटचा दिवस, पाचपर्यंत मुदत. निम्मा फॉर्म झाला अन् स्क्रीनवर नुसतं चक्र फिरायला लागलं. पोरगी रडकुंडीला.

"भिऊ नको. नापास वायर मी कवाच काढली," मी छाती काढून सांगितलं.

सुनेनं कपाळावर हात मारला. "आत्याबाई, मार्क न्हाईत ते, नंबर हायेत! लहान आकडा म्हणजे पहिली वाट. ती तुटली की स्विच आपोआप दोनशेवर जातो. तबकडी हळू चालते, अडीनडीसाठी ठेवली ती."

"मग दोघींना सारखे आकडे दे की. काम वाटून घेतील."

"घेतात. पण तबकडीला अर्धं काम झेपायचं न्हाई."

मी घाईनं वायर परत खुपसायला गेले, तशी सून किंचाळली, "हात लावू नका! आता वाट बदलली तर फॉर्म पहिल्यापासून!"

झालं. उंदराची शेपटी धरावी तशी ती वायर चिमटीत धरून मी पाऊण तास भिंतीशी उभी. खाली सोडायचीसुद्धा भीती. मार्कशीट, फोटो, दाखला, एकेक कागद रांगत रांगत चढला. पाचाला सहा मिनिटं कमी असताना पावती निघाली.

पोरीनं डोळे पुसले, पावतीची घडी घातली अन् माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, माझा नंबर लागला की पहिलं इंजेक्शन तुमालाच देते. अन् तेबी असंच सावकाश."