चाचांनी पुन्हा शिवलेली उशी

अनोळखी नंबर पाहून मी फोन दोनदा कापला. इकडे पुण्यात मी मेसमध्ये पोळ्या लाटते; असले फोन लुबाडायलाच येतात, असं धरूनच चालते. तिसऱ्यांदा उचलला. "ताई, अकोल्याहून बोलून राहिलो, साहिलचा बाप. अब्बा गेले." तरी मी विचारलं, "त्यांच्या दुकानात काय बनते, सांगा." तो म्हणाला, "गाद्या." मी लाटणं खाली ठेवलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

गेले ते रज्जाकचाचा, माझ्या नात्याचे नव्हते. अमरावतीच्या दवाखान्यात माझ्या पूनमच्या शेजारच्या खाटेवर त्यांचा नातू साहिल होता. दोघांनाही रक्ताचा कॅन्सर, किमोही एकाच महिन्यात सुरू झालेली. साहिल चार वर्षांचा, पूनम चौदाची. सुई झाली की साहिल दोन दिवस मलूल असायचा, तिसऱ्या दिवशी खाटेखाली गाडी पळवायचा. पूनमचं मात्र तोंड फोडांनी भरलेलं, साखर वाढलेली, पायांत अशा कळा की चादरही टेकू देत नसे. तिची सिरिंजही मोठी. डॉक्टरीणबाई सांगायच्या, औषध तेच आहे, अंगाच्या मापानं देतो. पण मोठ्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो, लहान लवकर सावरतात. मला पटेना. मोठं अंग जास्त सोसेल की कमी? आठवीत शाळा सुटलेल्या बाईला काहीही सांगतात, असंच वाटे. त्यात चाचांनी सिस्टरच्या हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी दिलेलं मी पाहिलं. म्हटलं, हेच ते. चांगलं औषध असं मिळतं तर!

दुसऱ्या दिवशी ते गाठोडं पूनमच्या टाचांखाली होतं. नव्या कापसाची, हातभर लांब उशी. "तुम्ही त्यांच्या हातून घेतलं नसतं," सिस्टर म्हणाली. मला ते आणखीच खटकलं. पूनमला एक्स-रेला नेलं तशी मी ब्लेडनं शिवण उसवली. आत कापूसच. पांढरा दोरा नव्हता, काळ्यानंच घाईत टाके घातले.

ते चाचांच्या नजरेतून सुटतात थोडेच! "बेटी, हा टाका माह्या हातचा नाही. असा टाका घालनाऱ्याले मी दुकानात चहा बी पाजत नाही." मग माझा तोल गेला. "तुमच्या नातवाले एक दवाई अन् माह्या पोरीले दुसरी! मी उद्याच इले घरी घेऊन जातो."

चाचा चिडले नाहीत. सिस्टरला बोलावून म्हणाले, "दोन्ही लेकरांच्या बाटल्या इले दाखव. माह्यावर नाही, अक्षरावर तरी इस्वास ठेवंन." मी बोट ठेवून एकेक इंग्रजी अक्षर जुळवलं. तेच होतं. मग त्यांनी माझे काळे टाके काढले आणि उघडी उशी पुढे केली. "आधी हात घालून पाह्य. मंग शिवतो. पन पोरीले घरी नेऊ नको." मी हात घातला... खरंच घातला, कोपरापर्यंत. शिवता शिवता ते हळूच म्हणाले, "साहिल खेळते तवा मले आनंद होते. पन तुह्या पोरीकडं पाह्यलं का तो आनंद चोरीचा वाटते."

आम्ही घरी गेलो नाही. पूनम आता सतराची आहे. खुब्यातून थोडी लंगडते, पण आहे. हे मी चाचांना नीट कधी सांगितलंच नाही.

परवा ती म्हणाली, "आई, उशीचा दगड झाला, कापूस पिंजून आण ना." गादीवाला कोपऱ्यावरच आहे. दोनदा जिन्यापर्यंत उशी नेली. तो चाचांची शिवण उसवणार, आत हात घालणार... त्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. उशी आणून परत तिच्या टाचांखाली ठेवली.